हेडाऊ शेवटपर्यंत बसतात

सुधाकर हेडाऊ सिनेमा संपल्यावर उठत नसत. पडद्यावर नावं सुरू झाली की थिएटर रिकामं व्हायचं, झाडूवाले आत यायचे आणि हेडाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून नावं वाचत बसलेले असायचे. लग्नात ते शेवटची पंगत उठेपर्यंत थांबत. संस्थेच्या कार्यक्रमात आभारप्रदर्शन झालं, लोक चहाकडे वळले, तरी माइकवाला वायर गुंडाळायला लागेपर्यंत त्यांची खुर्ची सुटत नसे. एकदा कोणीतरी कारण विचारलं. ते म्हणाले, "शेवट पाह्यल्याशिवाय पाह्यलं कसं म्हनाव गा?"

ही सवय त्यांना नोकरीनं लावली की सवय होती म्हणून ते या नोकरीत टिकले, याबद्दल कार्यालयात दोन मतं होती. त्यांच्या पत्नीचं मत विचारलं असता त्यांनी सांगितलं की लग्नाआधी मुलगी पाहायला आले तेव्हाही बाकीचे पाहुणे निघून गेल्यावर हे एकटे बसून होते. त्यामुळे हा विषय मिटला.

घराणं उमरेडचं, विणकरांचं. वडील मागावर बसत. हेडाऊंवर कोणी वर्तमानपत्रात लिहिलं असतं तर पहिल्याच परिच्छेदात धागा, वीण आणि पोत हे शब्द आले असते. हेडाऊंना ते आवडले नसते. मागाबद्दल त्यांची एकच आठवण होती. वडिलांची पाठ दुखायची आणि ती चेपायचं काम त्यांच्याकडे होतं.

ते शहरातल्या सदर भागातल्या एका शिक्षणसंस्थेत प्रोग्रामर होते. त्याच कार्यालयात माझं काम मजकूर तपासण्याचं. त्याआधी मी वर्तमानपत्रात होतो. संस्था नोकरी करणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचे पदविका अभ्यासक्रम चालवते. शिक्षक धड्याच्या पानावर व्हिडिओ लावतात, विद्यार्थी तो मोबाइलवर पाहतात. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की धड्यापुढे हिरवी खूण उमटते. पुरेशा हिरव्या खुणा नसतील तर परीक्षेचं हॉलतिकीट निघत नाही. ही खूण उमटवणारं प्लगइन, म्हणजे मूळ प्रणालीला जोडलेला छोटा प्रोग्राम, हेडाऊंनी लिहिलं होतं.

काम सोपं वाटतं. अडचण शिक्षकांची होती. पानावर व्हिडिओ आहे हे माणसाला दिसतं. प्रोग्रामला दिसतो तो त्यामागचा मजकूर, म्हणजे टॅग, लिंका आणि त्यांच्या अधलंमधलं काहीही. त्यातून व्हिडिओ ओळखायचा तर तो ठरलेल्या रीतीनं लावलेला असावा लागतो. व्हिडिओच्या साइटवरून तयार कोड उचलायचा आणि पानावर चिकटवायचा, एवढीच ती रीत. संस्थेतल्या शिक्षकांना ती मान्य नव्हती.

वाणिज्य शिकवणारे मोहरील सर धडा आधी वर्डमध्ये लिहीत आणि व्हिडिओचा कोड तक्त्याच्या चौकटीत बसवत. चौकट असली की मजकूर भारदस्त दिसतो असं त्यांचं म्हणणं होतं. तिथून तो उचलून पानावर टाकला की कोडच्या पोटात फॉन्टचं नाव, शाईचा रंग आणि समासाची मापं शिरलेली असत. काळे मॅडम मोबाइलवरून छोटी लिंक टाकत आणि जागा न सोडता लगेच 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो' लिहीत. त्यामुळे नमस्कार लिंकला जोडला जाई आणि व्हिडिओ कोणाच्याच नमस्काराला ओळख देत नसे. एका सरांना लिंक दिसायला वाईट वाटे. त्यांनी व्हिडिओच्या पहिल्या दृश्याचा फोटो लावला, त्यावर चालू करण्याचा त्रिकोणही होता, आणि खरी लिंक खाली पांढऱ्या अक्षरांत लपवली. विद्यार्थी आठवडाभर फोटो दाबत होते. निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकांचे धडे अशा जुन्या टॅगमध्ये होते की ते चालवणारा प्लेअरच जगातून नाहीसा झाला होता.

संचालक डॉ. बक्षी यांनी यावर परिपत्रक काढलं. यापुढे व्हिडिओ एकाच प्रमाणित पद्धतीनं लावावेत, अन्यथा गांभीर्यानं दखल घेतली जाईल. सोबत प्रशिक्षणाचा व्हिडिओ होता आणि तो शेवटपर्यंत पाहणं सर्व शिक्षकांना बंधनकारक होतं. तो ज्या रीतीनं लावला होता ती परिपत्रकातल्या निषिद्ध पद्धतींमध्ये तिसऱ्या क्रमांकावर होती. प्लगइननं तो ओळखला नाही. कोणाचंच प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद झाली नाही आणि गांभीर्यानं दखल सगळ्यांचीच घ्यावी लागली असती, म्हणून कोणाचीच घेतली गेली नाही.

हेडाऊंचा परिपत्रकांवर विश्वास नव्हता. "मास्तर काय बदलते का?" ते म्हणत. "कोड बदलते." आणि ते कोड बदलत. प्रत्येक नव्या तऱ्हेसाठी प्लगइनमध्ये एक नवा तुकडा लिहीत. पान उघडलं की प्लगइन हे तुकडे एकामागून एक लावून पाही. जो पहिला लागू पडेल त्यानं सांगितलेला व्हिडिओ खरा धरी आणि पुढे शोधणं थांबवी. ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढे जे झालं ते यातून झालं.

तुकड्यांना ते शिक्षकांची नावं देत. मोहरील पद्धत, काळे पद्धत. "नंबर दिला त भुलतो मी. मास्तराचं नाव कोन भुलते?" असा त्यांचा खुलासा होता. खोडसाळपणाही थोडा होता. तो त्यांनी कधी कबूल केला नाही.

हेडाऊ टेबलावर बसून काम करणाऱ्यांतले नव्हते. लोक व्हिडिओ कसा पाहतात हे पाहायचा त्यांना छंद होता. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, कोणी मोबाइल समोर धरला की हेडाऊ त्याच्या खांद्यामागे उभे. यावरून दोनदा भांडणं झाली होती. एकदा ते हिंगण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चढले. ड्रायव्हर उमरेडचा, ओळखीचा. बसमध्ये सकाळच्या पाळीचे कामगार होते. गळ्यात ओळखपत्रं, कामगारांची पट्टी निळी, सुपरवायझरांची पिवळी. संस्थेचे बरेच विद्यार्थी त्या कारखान्यांत होते. खिडकीशी निळ्या पट्टीची एक बाई मोहरील सरांचा धडा पाहत होती. हेडाऊ शेजारी बसले. हा प्रसंग त्यांनी कार्यालयात इतक्या वेळा सांगितला की तो सगळ्यांना पाठ होता. एमआयडीसीचा फाटा आला आणि तिनं व्हिडिओ बंद केला.

"बंद काहून केला वं?" हेडाऊंनी विचारलं.

"उतराचं आलं. तुमाले काय करा लागते काका?"

"थोडासाच राह्यला नं त्याचा."

"तेवढाच राह्यते रोज. शेवटी मास्तर तेच सांगते, लाइक करा, शेअर करा. ते काय पाहाव?"

"अन् खूण?"

"खूण येत नाही नं. पह्यलेपासून पाहा लागते मंग दुसऱ्या दिवशी. अर्धा डिप्लोमा मी दोन-दोनदा शिकून राह्यली."

तिचं नाव रेखा मेश्राम. पॅकिंगमध्ये होती. कंपनीत कामगारांमधून सुपरवायझर घेणार होते, पण पदविका असलेल्यांतून, आणि यंदाच. पुढच्या भरतीला तिचं वय बसणार नव्हतं. नवरा म्हणतो बसमध्ये झोपत जा, सासू म्हणते मोबाइल पाहत बसते. तिनं हे सगळं फाटकापर्यंत चालता चालता सांगितलं. हेडाऊ मागोमाग चालत होते. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना अडवलं.

परत येऊन त्यांनी प्लगइन बदललं. व्हिडिओ एका बैठकीत पाहिलाच पाहिजे ही अट काढली. बसमध्ये पाहिलेला तुकडा, जेवणाच्या सुट्टीत पाहिलेला तुकडा, सगळे जोडून शेवटपर्यंत गेले की खूण. शेवट मात्र त्यांनी सोडला नाही. लाइक करा, शेअर करा हेही पाहावं लागेलच, या मुद्द्यावर ते ठाम राहिले. "अध्यक्षाचं भाषन सोडून उठता येते का? मंग," ते म्हणाले.

मोहरील पद्धतीचं पुढं वेगळंच झालं. प्लगइनच्या एका पानावर ओळखल्या जाणाऱ्या पद्धतींची नावं दिसत. मोहरील सरांनी ते पान एका प्रशिक्षणात पडद्यावर पाहिलं, फोटो काढला आणि पदोन्नतीच्या अर्जाला जोडला. 'तंत्रज्ञान विकासातील योगदान' या रकान्यात लिहिलं: 'व्हिडिओ अंतर्भूत करण्याची मोहरील पद्धत, संस्थेच्या प्रणालीत कार्यान्वित.' समितीनं गुण दिले. समितीतल्या एका सदस्यानं पद्धत समजावून सांगायला सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "तक्त्यावर आधारित आहे." सदस्यानं मान हलवली.

त्यानंतर संस्थेत संशोधनाचं वातावरण तयार झालं. ज्यांचे व्हिडिओ वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होते ते शिक्षक नवी पद्धत शोधू लागले. एकानं व्हिडिओत व्हिडिओ लावला. एकानं लिंक उलट्या क्रमानं तोडून दोन ओळींत बसवली. भाषेच्या एका प्राध्यापकांनी लिंक देवनागरीत टाइप केली आणि मातृभाषेच्या वापराबद्दल वेगळे गुण मागितले. खाप्याच्या केंद्रावरचे एक सर स्वतः सदरला आले, हेडाऊंच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "माझा व्हिडिओ ओळखून राहिला तुमचा प्रोग्राम. असं कसं? मी त वेगळा लावला होता."

"मोहरील पद्धतीत बसला तुमचा," हेडाऊ म्हणाले.

"मोहरील माझ्याहून ज्युनिअर आहे गा."

हेडाऊंनी त्यांना पद्धत दिली. त्यांनी कोणालाच नाही म्हटलं नाही. हा त्यांचा मोठेपणा होता असं काही जण मानतात. चहा पाजणाऱ्या शिक्षकाची पद्धत लवकर लिहून व्हायची, हेही नोंदवायला हवं.

मग काळे मॅडमचा अर्ज आला, योग्य मार्गानं. आपली नेमणूक मोहरील यांच्या आधीची असून नावांच्या पानावर आपलं नाव खाली असणं हा अन्याय आहे. अर्जाच्या प्रती सर्व संबंधितांना होत्या. संचालकांनी बैठक घेतली. नावं सेवाज्येष्ठतेनं लावावीत असं ठरलं. कार्यवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. शेवटी कोणीतरी म्हणालं की सेवाज्येष्ठता म्हटली की संस्थाप्रमुखांचं नाव सर्वांत वर हवं. डॉ. बक्षींनी हात वर करून नको नको म्हटलं. ते 'नको' कार्यवृत्तात घेऊ नये असं त्यांच्या स्वीय सहायकानं नंतर कळवलं.

डॉ. बक्षींचं घराणं भोसल्यांच्या दफ्तरापासून लेखणीवर होतं. हे ते स्वागताच्या भाषणात सांगत. त्या भाषणाचा व्हिडिओ केलेला होता आणि त्याची साधी लिंक, 'मा. संचालक महोदयांचे स्वागतपर मार्गदर्शन' या शीर्षकाखाली, प्रत्येक धड्याच्या पानाच्या डोक्यावर लावलेली असे. बक्षी पद्धत बनवायची तर ती यातूनच बनणार होती. हेडाऊंनी लिहिली. पानावर हे शीर्षक दिसलं की त्याखालची लिंक घ्यावी.

आणि बैठकीत ठरल्याप्रमाणे ती सर्वांत वर टाकली.

नावांच्या पानावर जो क्रम दिसे तोच कोडचा क्रम होता. दोन्ही वेगळे करता आले असते. थोडं काम होतं. हेडाऊंना तेव्हा अर्जांचा कंटाळा आला होता. "वर काय अन् खाली काय," असं म्हणून त्यांनी तुकडे ज्येष्ठतेनं लावले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून संस्थेतल्या प्रत्येक पानावर प्लगइनला पहिला व्हिडिओ सापडला तो संचालकांचा. सापडल्यावर ते थांबलं. विद्यार्थी खाली मोहरील सरांचा जमाखर्च पाहत होते, काळे मॅडमचं संघटनशास्त्र पाहत होते, शेवटपर्यंत पाहत होते, आणि खूण जात होती स्वागतपर मार्गदर्शनाला. आधी मिळालेल्या खुणाही गेल्या, कारण प्लगइन दर रविवारी सगळा हिशेब पहिल्यापासून लावत असे.

पुढच्या आठवड्यात संचालकांच्या केबिनमध्ये आनंद होता. स्वागताचं भाषण हे संस्थेच्या इतिहासातलं सर्वाधिक पाहिलं गेलेलं व्याख्यान ठरलं होतं. एकेका विद्यार्थ्यानं ते पन्नास-पन्नासदा पूर्ण पाहिलं होतं. मला प्रसिद्धिपत्रक तयार करायला सांगण्यात आलं. फाटकावर फ्लेक्स लागला. मोहरील सरांनी अभिनंदनाच्या भाषणात सांगितलं की धडे अवघड वाटले की मुलं संचालकांच्या शब्दांकडे वळतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं आहे.

रेखा मेश्राम तिच्या सुट्टीच्या दिवशी सदरच्या कार्यालयात आली. ती हेडाऊंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं मोबाइल पुढे केला.

"काका, मी सगळं पाह्यलं. हे म्हनते मी काईच नाही पाह्यलं."

हेडाऊंनी मोबाइल हातात घेतला. धड्यांसमोर एकही खूण नव्हती. स्वागतपर मार्गदर्शनासमोर खुणांची रांग लागली होती, बोटानं सरकवली तरी संपत नव्हती.

"हे साहेब कोन आहे?" तिनं विचारलं. "याईले त मी एकदाबी नाही पाह्यलं. वरच येते म्हनून खाली सरकवते मी."

हेडाऊंनी मोबाइल तिला परत दिला.

"सोमवारी हॉलतिकीट बंद होते म्हनते. मंग कंपनीचा फारम नाही भरता येत मले."

"बस वं," हेडाऊ म्हणाले. "चहा घे."

"चहा नाही पाह्यजे. खूण पाह्यजे."

ती गेल्यावर त्यांनी प्लगइन उघडलं. चूक सापडायला वेळ लागला नाही. कोणत्या पानावर कोणी किती पाहिलं याची मूळ नोंद शाबूत होती. ती कोणाच्या नावावर टाकायची एवढंच बिघडलं होतं. बक्षी पद्धत खाली नेली आणि हिशेब पुन्हा लावला की सगळ्यांच्या खुणा परत येणार होत्या. अडचण एवढीच की क्रम बैठकीनं ठरवलेला होता, त्यावर संचालकांची सही होती, आणि हेडाऊंनी परस्पर बदल केलेला पुढच्याच दिवशी नावांच्या पानावर दिसला असता. आतला क्रम एक आणि पानावरचा दुसरा ठेवा, असं एकानं सुचवलं.

"लपवून काहून करू? चूक माही आहे अन् क्रम त्याईचा आहे. दोघाईनं मिळून सुधराव," हेडाऊ म्हणाले.

शुक्रवारी ते केबिनमध्ये गेले. मोहरील सर तिथे आधीच बसले होते. मला प्रसिद्धिपत्रकाची दुसरी आवृत्ती घेऊन बोलावलं होतं.

हेडाऊंनी झालं ते सरळ सांगितलं. डॉ. बक्षींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे विद्यार्थ्यांनी माझं भाषण पाहिलेलं नाही, असं आपलं म्हणणं आहे."

"पाह्यलंबी असन सर. मोजता नाही आलं."

"आणि हे आपल्याला फ्लेक्स लागल्यावर लक्षात आलं."

"हो सर. चूक माही आहे."

"चुकीचं आपण पाहू. परीक्षा झाल्यावर एक समिती नेमू. तांत्रिक विषय आहे, घाई नको."

"सोमवारी हॉलतिकीट बंद होते सर. एकाचंबी निघनार नाही."

डॉ. बक्षी खुर्चीत मागे रेलले. हॉलतिकीट एकाचंही न निघणं ही वाईट बातमी आहे हे त्यांनाही समजत होतं. "ठीक आहे. दुरुस्ती करा. पण क्रमाला हात न लावता."

"क्रमच दुरुस्त करा लागते सर. तुमचं नाव शेवटी जाईन."

मोहरील सरांनी मान खाली घातली. ती हसू लपवण्यासाठी होती की दुःखानं, हे बसल्या जागेवरून दिसत नव्हतं.

"म्हणजे मी मोहरीलांच्या खाली."

"खाली नाही सर. शेवटी."

"फरक काय?"

हेडाऊंनी खुर्ची थोडी पुढे ओढली. त्यांनी आयुष्यभर संस्थेचे सगळे कार्यक्रम शेवटपर्यंत बसून ऐकले होते. त्याचा उपयोग त्यांना या एकाच वेळी झाला.

"सर, आपल्या कार्यक्रमात पह्यले कोन बोलते?"

"प्रास्ताविक करणारा."

"तो कोन असते?"

"कोणीही असतो. गेल्या वेळी मोहरील होते."

"मंग?"

"मग इतर वक्ते. मग पाहुणे."

"अन् सर्वाच्या शेवटी?"

डॉ. बक्षी खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "अध्यक्ष."

"अध्यक्ष पह्यलेच बोलले त बाकीच्याईचं कोन ऐकन सर? तेच झालं हे. तुमचं झालं अन् प्रोग्राम उठून गेला. अध्यक्षाच्या बाद कार्यक्रम राह्यतच नाही नं."

डॉ. बक्षींनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

"हे सेवाज्येष्ठतेच्या तत्त्वाशी विसंगत नाही," ते म्हणाले. "ते उलट्या बाजूनं लागू होतं, इतकंच. मोहरील, आपलं काय मत?"

"मी प्रास्ताविकाला नेहमीच तयार असतो सर," मोहरील म्हणाले.

आदेश त्याच दुपारी निघाला. पद्धतींचा क्रम व्यासपीठाच्या प्रथेनुसार, कनिष्ठांपासून सुरू करून, अध्यक्षीय समारोपानं संपेल असा ठेवावा. प्रत्यक्षात कनिष्ठ शिक्षकांच्या पद्धती जास्त काटेकोर होत्या आणि वरच्या पदांकडे जावं तशा त्या सैल होत गेलेल्या, त्यामुळे हा क्रम प्रोग्रामलाही मानवला. हेडाऊंनी हिशेब पुन्हा लावला. शनिवारी सकाळी खुणा परत आल्या. खाप्याच्या, हिंगण्याच्या, सगळ्या. सोमवारी हॉलतिकिटं निघाली. रेखा मेश्रामनं फोन केला नाही. तिनं तिच्या हॉलतिकिटाचा फोटो पाठवला, तो थोडा हलला होता. हेडाऊंनी तो आजूबाजूच्या टेबलांवरच्या सगळ्यांना दाखवला.

स्वागतपर मार्गदर्शनाचं एक स्वतंत्र पानही होतं, तिथला खरा आकडा आता दिसू लागला. ते शेवटपर्यंत पाहणारा एक निघाला.

फ्लेक्स उतरवला गेला. संचालकांनी हेडाऊंना बोलावून विचारलं, हा विद्यार्थी कोण. ते हेडाऊंचं चाचणीचं खातं होतं. प्लगइन चालतं की नाही हे तपासताना त्यांनी भाषण सुरू केलं होतं आणि सुरू केल्यावर संपेपर्यंत बसले होते. पूर्ण पस्तीस मिनिटं, भोसल्यांच्या दफ्तरासकट.

"सर, नाव नाही सांगता येत," ते म्हणाले. "आपल्याच संस्थेतला आहे."

डॉ. बक्षींनी आग्रह केला नाही. मात्र त्यानंतरच्या प्रत्येक भाषणात त्यांनी त्या एका विद्यार्थ्याचा उल्लेख केला.

पुढे संस्थेनं हैदराबादच्या एका कंपनीचं तयार प्लगइन विकत घेतलं. ते एकच पद्धत ओळखतं. कंपनीच्या तरुण इंजिनिअरांनी हेडाऊंचा कोड पाहिला तेव्हा मोहरील आणि काळे ही कोणती सॉफ्टवेअरं आहेत ते त्यांनी इंटरनेटवर शोधलं. सापडली नाहीत, म्हणून त्यांनी ती कालबाह्य असल्याचा शेरा मारला. मोहरील सरांना तोवर पदोन्नती मिळालेली होती. हेडाऊंना निवृत्त व्हायला थोडेच महिने उरले होते. ते त्यांनी धडे नव्या प्लगइनला ओळखता येतील असे दुरुस्त करण्यात घालवले, एकेक पान उघडून, फॉन्टची नावं काढत, नमस्कार आणि लिंक यांच्यामध्ये जागा सोडत.

निरोपसमारंभ संस्थेच्या सभागृहात, कामाच्या दिवशी दुपारी झाला. प्रास्ताविक मोहरील सरांनी केलं. काळे मॅडम बोलल्या. हेडाऊ दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक माइक चालू होण्याआधी. अध्यक्षीय समारोपात डॉ. बक्षींनी सांगितलं की आपलं भाषण शेवटपर्यंत ऐकणारा एक जरी विद्यार्थी असेल तोवर या संस्थेला भवितव्य आहे. हेडाऊंनी टाळ्या वाजवल्या. आभार झाले. आलूबोंडे बाहेरच्या व्हरांड्यात होते, सगळे तिकडे गेले. माइकवाला वायर गुंडाळत होता. हेडाऊ व्यासपीठावर शाल आणि श्रीफळ मांडीवर घेऊन बसून होते.

मी पेन विसरलो म्हणून परत आत गेलो तेव्हा मागच्या दारातून एक बाई येत होती. कंपनीच्या कपड्यांत, बसमधून उतरून थेट आलेली. रिकाम्या खुर्च्या पाहून ती मध्येच थांबली.

"संपलं का काका? पाळी सुटाले उशीर झाला. मले वाटलं तुमी गेले असान."

"अजून उठलो नाही नं मी," हेडाऊ म्हणाले. "ये."

ती पुढे आली. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, पण ती खालीच उभी राहिली. गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी आता पिवळी होती. हेडाऊंनी ती पाहिली. तिनंही त्यांना ती पाहताना पाहिलं.

माइकवाल्यानं शेवटची वायर पेटीत टाकली.

"आता झालं," हेडाऊ म्हणाले आणि उठले.